क्रीडा शिबिराची तयारी आणि शिबिरातील स्पर्धा: विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शन

शाळेच्या मैदानावर आठवड्यातून चार दिवस तासभर सराव करणारा विद्यार्थी निवासी क्रीडा शिबिरात दाखल होतो, तेव्हा त्याच्या कौशल्याच्या आधी त्याच्या शरीराची कसोटी लागते. सकाळी एक सत्र, सायंकाळी दुसरे सत्र, मध्ये तंत्राचा वर्ग आणि शेवटच्या दिवशी स्पर्धा, अशी बहुतेक शिबिरांची रचना असते. मी लांब उडी आणि रिले या प्रकारांसाठी शिबिर केले. त्या अनुभवातून माझे असे मत झाले आहे, की शेवटच्या दिवशी चांगली कामगिरी करणारे विद्यार्थी पहिल्या दिवशी सर्वांत वेगवान असतातच असे नाही. आपल्यावर पडणारा भार ज्यांना मोजता येतो आणि वाटून घेता येतो, ते शेवटपर्यंत टिकतात. पुढील सूचना याच दृष्टीने लिहिल्या आहेत. उदाहरणे मैदानी खेळांची असली, तरी तयारीचा भाग कोणत्याही खेळाच्या शिबिराला लागू पडतो.

भार मोजण्याची रीत

भार मोजण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नसते. सत्र संपल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने स्वतःला विचारावे, की आजचा सराव शून्य ते दहा या मापावर किती कठीण वाटला. शून्य म्हणजे पूर्ण विश्रांती आणि दहा म्हणजे याहून अधिक करणे अशक्य. मिळालेल्या आकड्याला सत्राच्या मिनिटांनी गुणले, की त्या सत्राचा भार मिळतो. क्रीडा प्रशिक्षणात ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि शाळकरी मुलालाही ती सहज जमते.

आता हाच हिशेब शिबिराला लावून पाहावा. नेहमीचा 60 मिनिटांचा सराव 5 इतका कठीण वाटत असेल, तर त्याचा भार 300 होतो, आणि आठवड्यातून चार वेळा केल्यास 1200. शिबिरात सकाळचे 90 मिनिटांचे सत्र 7 इतके आणि सायंकाळचे 75 मिनिटांचे सत्र 6 इतके कठीण असेल, तर 630 आणि 450 मिळून एका दिवसाचा भार 1080 होतो. म्हणजे नेहमीच्या आठवड्याचे जवळजवळ सर्व काम शिबिराच्या एकाच दिवसात उरकले जाते. हा आकडा एकदा कागदावर मांडला, की शिबिराची तयारी आठवडाभर आधी सुरू करून का भागत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिबिरापूर्वीचे आठवडे

तयारीसाठी किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत. पहिल्या दोन आठवड्यांत सरावाचा प्रकार न बदलता फक्त नियमितपणा आणावा, त्यानंतर आठवड्याचा एकूण भार थोडाथोडा वाढवत न्यावा आणि मध्ये एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात एकेक दिवस असा निवडावा, की त्या दिवशी सकाळी आणि सायंकाळी दोन्ही वेळा सराव होईल. दुसऱ्या सत्राला जड पायांनी उतरणे हा वेगळाच अनुभव असतो आणि तो शिबिरात प्रथमच येऊ नये. शेवटच्या आठवड्यात सरावाचे प्रमाण साधारण निम्म्यावर आणावे, मात्र वेग कमी करू नये: दहा धावांऐवजी पाच धावाव्यात, पण त्या पूर्वीच्याच जोमाने धावाव्यात. पुष्कळ जण नेमके उलट करतात, म्हणजे धावा तितक्याच ठेवून त्या रमतगमत पूर्ण करतात. त्यामुळे थकवा उतरत नाही आणि पायांची चपळाई मात्र कमी होते.

स्नायूंच्या दुखण्याचाही आधीच विचार करून ठेवावा. सवय नसलेला व्यायाम केल्यावर अंग लगेच दुखत नाही. दुखणे साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होते आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक जाणवते. म्हणूनच शिबिराचा पहिला दिवस उत्साहात जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही अवघड होते. स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो तेव्हा हे दुखणे विशेष होते, उदाहरणार्थ उतारावरून धावताना, उडीनंतर जमिनीवर येताना, वेगात असताना अचानक थांबताना किंवा बैठकीत सावकाश खाली जाताना. असा व्यायाम एकदा माफक प्रमाणात झाला, की पुढील काही आठवडे त्याच व्यायामाने होणारे दुखणे पुष्कळ कमी होते. त्यामुळे शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी उतारावरच्या हलक्या धावा, कमी उंचीवरून उड्या आणि संथ बैठका यांचा समावेश अवश्य करावा.

शिबिर उष्ण हवेत होणार असेल, तर शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो व त्याच श्रमाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. ही सवय थंड खोलीत बसून होत नाही. त्यासाठी थोडा सराव उष्ण वेळीच करावा लागतो, पण तो हलका असावा आणि सोबत कोणीतरी असावे.

बुटांबाबत एकच नियम पुरेसा आहे: शिबिरात नवे कोरे बूट घालू नयेत. नवी जोडी किमान दोन-तीन आठवडे सरावात वापरलेली असावी. स्पाइक्स (तळव्याला खिळे असलेले बूट) वापरणाऱ्याने मैदानाच्या पृष्ठभागाची आधी चौकशी करावी, कारण कृत्रिम ट्रॅकवर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खिळा तळव्याबाहेर 9 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही (उंच उडी आणि भालाफेक यांना 12 मिलिमीटरची सवलत आहे), आणि कित्येक मैदानांचे व्यवस्थापन त्याहूनही लहान खिळ्यांचा आग्रह धरते. बदलण्याचे खिळे आणि ते काढण्याची चावी बॅगेत असली, की ऐन वेळी दुसऱ्याच्या बॅगेकडे पाहावे लागत नाही.

पहिल्या दिवसाच्या चाचण्या

बहुतेक शिबिरांची सुरुवात चाचण्यांनी होते आणि त्यांत 20 मीटर शटल धावेची, म्हणजेच बीप टेस्टची, हजेरी हमखास असते. या चाचणीत 20 मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये ध्वनीच्या तालावर ये-जा करायची असते. सुरुवातीचा वेग ताशी 8.5 किलोमीटर असतो आणि दर मिनिटाला तो ताशी 0.5 किलोमीटरने वाढतो. सुरुवातीचा वेग सोपा वाटल्यामुळे अनेक जण ध्वनीच्या बऱ्याच आधी रेषा गाठतात, तेथे थांबतात आणि पुन्हा धावू लागतात. प्रत्येक वेळी थांबून नव्याने वेग घेण्यात शक्ती वाया जाते. ध्वनी होतानाच पाय रेषेवर पडेल असा वेग ठेवावा, वळताना शरीर थोडे खाली घ्यावे आणि एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर वळावे. म्हणजे एकाच मांडीवर सगळा ताण येत नाही. अखेरच्या टप्प्यात शेजारचा कोणी बाद झाला म्हणून आपणही थांबण्याचा मोह होतो. तो तेवढा आवरावा.

चाचणीचा निकाल गट पाडण्यासाठी असतो. खालच्या गटात नाव आल्यामुळे खट्टू होण्याचे कारण नाही, कारण तेथे प्रशिक्षकाचे वैयक्तिक लक्ष पुष्कळदा अधिक मिळते.

शिबिराचे दिवस

शिबिरात एकाच वेळी अनेक सूचना कानावर पडतात: गुडघा वर घ्या, खांदे सैल ठेवा, हात सरळ मागेपुढे न्या, नजर समोर ठेवा. हे सगळे एकाच धावेत साधण्याचा प्रयत्न केला, की काहीच साधत नाही. त्यामुळे प्रत्येक सत्रापूर्वी प्रशिक्षकांना नम्रपणे विचारावे, “सर, आज मी कोणत्या एका गोष्टीकडे लक्ष देऊ?” आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून ठेवावे. प्रशिक्षकांना असा प्रश्न आवडतो, आणि पुढच्या सत्रात ते तीच गोष्ट तपासतात. वहीत रोज चार नोंदी पुरेशा आहेत: सत्राचा भार, झोपेचे तास, दुखणारी जागा आणि त्या दिवसाची एक सूचना. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या नोंदींमुळे तिसऱ्या दिवशी वेग का मंदावला याचे उत्तर बहुधा त्याच वहीत सापडते.

झोपेविषयी थोडे कठोर बोलणे आवश्यक आहे. 13 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना रात्री 8 ते 10 तास आणि 6 ते 12 वर्षे वयाच्या मुलांना 9 ते 12 तास झोपेची गरज असते. शिबिरात मात्र एका खोलीत अनेक जण असतात, गप्पा रंगतात आणि पहाटेची शिट्टी कोणासाठी थांबत नाही. गप्पा हा शिबिराचा आनंदाचा भाग आहे आणि त्या पूर्णपणे सोडाव्यात असे मी म्हणणार नाही, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री नीट झोप न लागण्याची शक्यता असतेच. त्यामुळे त्याआधीच्या दोन-तीन रात्री भरपूर झोपून घेणे शहाणपणाचे ठरते.

पाणी तहान लागेल तसे, थोडे थोडे आणि दिवसभर प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद असेल तर वाढवावे. मात्र भीतीपोटी बाटल्यामागून बाटल्या रिकाम्या करणेही धोक्याचे असते, कारण अति पाण्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. दोन सत्रांच्या मधले जेवण टाळू नये. पहिल्या सत्रानंतर लवकर खाल्लेले पिष्टमय पदार्थ स्नायूंतील ऊर्जेचा साठा भरून काढतात आणि सायंकाळी पाय जड पडत नाहीत.

दुखणे आणि दुखापत यांतील फरक

हा फरक ओळखता येणे मला शिबिरातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य वाटते. सरावाने आलेले दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते, मोठ्या स्नायूंत पसरलेले असते आणि वॉर्म-अपनंतर कमी होते. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, हाडाजवळ किंवा सांध्यात दुखत असेल, धावताना ते वाढत असेल किंवा त्यामुळे लंगडावे लागत असेल, तर सत्र थांबवून प्रशिक्षकांना सांगावे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळील वाढीचा भाग कूर्चेचा असतो आणि तो तुलनेने नाजूक असतो. उड्या आणि धावा अधिक करणाऱ्या मुलामुलींना गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीच्या उंचवट्यावर दुखू लागते, ते याच कारणाने. अशा दुखण्याला दात ओठ खाऊन तोंड देण्याची गरज नाही. भार कमी केल्यास ते आटोक्यात राहते.

डोक्याला मार लागून गरगरणे, मळमळणे, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. “मला आता बरे वाटते आहे” हे वाक्य येथे ग्राह्य धरू नये.

पायाला फोड येण्याआधी त्या जागी उष्णता आणि चुरचुर जाणवते. तेव्हाच बूट काढून, पाय कोरडा करून, त्या जागेवर सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावावी. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापले, तर मोजा घालताना ती उलगडत नाही. सत्र अर्ध्यावर असताना बूट काढण्याची लाज वाटते, पण दोन मिनिटांच्या या कामाने पुढचे दोन दिवस वाचतात. फोड आलाच तर वरची कातडी ओरबाडून काढू नये.

रिलेची जोडी बसवणे

शिबिरातील स्पर्धेत 4×100 मीटर रिले असेल, तर तिच्या सरावाला जास्तीत जास्त वेळ द्यावा, कारण येथे नीट सराव केलेला संघ अधिक वेगवान धावपटूंच्या संघालाही मागे टाकू शकतो. बॅटन (धावपटू एकमेकांच्या हाती देतात ती नळी) बदलण्याचा पट्टा, म्हणजे ट्रॅकवर आखलेला भाग, 30 मीटर लांबीचा असतो आणि बदल त्या पट्ट्यातच पूर्ण व्हावा लागतो. येथे धावपटूंचे पाय कोठे आहेत हे पाहिले जात नाही, बॅटन कोठे आहे हे पाहिले जाते.

सामान्यतः पहिला आणि तिसरा धावपटू वळणावर धावतात आणि बॅटन उजव्या हातात धरतात, तर दुसरा आणि चौथा डाव्या हातात. त्यामुळे वळणावरचा धावपटू लेनच्या आतल्या कडेने धावू शकतो आणि बॅटन हात न बदलता पुढे जाते.

बॅटन घेणाऱ्याने केव्हा निघायचे, हे ठरवण्यासाठी ट्रॅकवर चिकटपट्टीची एक खूण लावतात. नियमानुसार ही पट्टी जास्तीत जास्त 5 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब असू शकते. घेणारा आपल्या उभे राहण्याच्या जागेपासून येणाऱ्याच्या दिशेने पावलाला पाऊल लावत मोजतो आणि तेथे पट्टी लावतो. येणाऱ्याचा पाय त्या पट्टीवर पडताच घेणाऱ्याने पूर्ण जोमाने निघायचे असते. येणारा फार लवकर जवळ पोहोचून त्याला वेग कमी करावा लागत असेल, तर पट्टी एक-दोन पावले आणखी मागे न्यावी. तो पोहोचूच शकत नसेल, तर पट्टी घेणाऱ्याच्या जवळ आणावी. हा सराव दोघांनीही पूर्ण वेगात करावा लागतो. अर्ध्या वेगात बसवलेली खूण स्पर्धेत चुकते, कारण स्पर्धेत येणारा आणि जाणारा दोघांचेही वेग वेगळे असतात. एकदा निघाल्यावर मागे वळून पाहू नये. येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारल्यावर हात मागे न्यावा आणि तो स्थिर ठेवावा. हात शोधत फिरू लागला, की बॅटन पडलेच म्हणून समजावे. बॅटन पडले, तर ज्याच्या हातून पडले त्यानेच ते उचलायचे असते, हेही चौघांनी आधीच लक्षात ठेवावे.

लांब उडीचा रन-अप

लांब उडीत टेक-ऑफ फळी, म्हणजे जिच्यावर पाय देऊन उडी घेतात ती फळी, 20 सेंटिमीटर रुंद असते आणि उडीचे अंतर फळीच्या खड्ड्याकडील कडेपासून वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत मोजतात. यातून दोन गोष्टी निघतात. फळीच्या मागून मारलेली उडी तेवढी फुकट जाते, आणि वाळूत पडल्यावर हात मागे टेकला, तर अंतर त्या हातापर्यंतच धरले जाते. म्हणून रन-अप, म्हणजे उडीपूर्वीची धाव, अचूक बसवण्याला पर्याय नाही. फळीकडे पाठ करून ठरलेल्या संख्येइतकी पावले धावावीत, सहकाऱ्याने शेवटच्या पावलाची जागा दाखवावी, हे काही वेळा करून सरासरी जागेवर खूण करावी आणि मग तेथून फळीकडे धावून पाहावे.

वाऱ्यानुसार ही खूण बदलते. समोरून वारा असेल तर पावले आखूड पडतात आणि पाय फळीच्या अलीकडे येतो, म्हणून खूण पुढे सरकवावी. पाठीमागून वारा असेल तर ती मागे न्यावी. खूण सरकवण्याऐवजी शेवटची दोन-तीन पावले ताणून किंवा आखडून फळी गाठण्याची सवय अनेकांना लागते. तिने वेग जातो, म्हणून ती वेळीच मोडावी.

स्पर्धेचा दिवस

स्पर्धेच्या तीन-चार तास आधी नेहमीचे, सवयीचे जेवण घ्यावे आणि शेवटच्या तासात फक्त हलके काही. त्या दिवशी नवा पदार्थ, नवे पेय किंवा नवे मोजे यांचा प्रयोग करू नये. वॉर्म-अपची वेळ आपल्या क्रीडा प्रकाराच्या पुकाऱ्यापासून उलटी मोजून ठरवावी: आधी हलकी धाव, मग पाय झुलवणे, गुडघे उचलून धावणे असे हालचालींचे व्यायाम आणि शेवटी दोन-तीन वाढत्या वेगाच्या धावा. एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक काळ ताण देऊन थांबण्याचे व्यायाम या वेळी टाळावेत, कारण त्यानंतर स्नायूंची झटपट जोर लावण्याची क्षमता काही काळ कमी होते. वेळापत्रक लांबले, तर अंग थंड पडू देऊ नये.

धावण्याच्या शर्यतीत चुकीच्या सुरुवातीचा नियम आधी विचारून घ्यावा. 2010 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो, मात्र शालेय पातळीवर काही ठिकाणी एक ताकीद देतात. उडीत पहिला प्रयत्न सुरक्षित ठेवावा, म्हणजे खूण थोडी मागे घेऊन वैध अंतराची नोंद करावी आणि पुढील प्रयत्नांत धोका पत्करावा. एकाच दिवशी दोन प्रकार असतील आणि त्यांच्या वेळा एकमेकांवर येत असतील, तर दोन्ही ठिकाणच्या पंचांना सकाळीच कल्पना द्यावी. ऐन पुकाऱ्याच्या वेळी धावपळ करत सांगायला गेल्यावर पंचांचाही नाइलाज असतो.

शिबिरानंतर

परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या भाराचा ठेवावा. शिबिरात शिकलेल्या सर्व गोष्टी चालू ठेवता येत नाहीत, त्यामुळे वहीतील सूचनांपैकी दोनच निवडाव्यात आणि शाळेतील प्रशिक्षकांना त्या दाखवाव्यात. रन-अपचे माप पावलांत लिहिलेले असेल, तर ते टेपने मोजून मीटर आणि सेंटिमीटरमध्ये नोंदवून ठेवावे. वाढत्या वयात बुटाचा आकार काही महिन्यांतच बदलतो आणि जुन्या बुटाच्या पावलांत लिहिलेले माप नव्या बुटाला जुळत नाही. उंची वाढली, की पावलाची लांबीही बदलते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी रन-अप नव्याने मोजावा.